मुक्या पट्टीचा सूड

आमच्या वहिनीच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं दादा सगळ्यांना सांगतो. साफ खोटं आहे. माझ्या वहिनीनं एक गोष्ट साडेतीन वर्षं पोटात ठेवली, तिला रोज थोडं थोडं खायला घातलं आणि वेळ आल्यावर भरसभेत बाहेर काढली. मी साक्षीदार आहे. नुसती साक्षीदार नाही, सामील आहे, आणि मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत. मी चित्रकला शिकवते, ती संगीत. वेळापत्रकात आमचे दोन्ही विषय शेवटच्या रकान्यात, ‘इतर’ या नावाखाली. त्यामुळे खोलीही दोघींत एकच. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाशेजारी, जिथं पूर्वी मोडकी बाकं ठेवायचे. मधल्या सुट्टीपर्यंत ती माझी, नंतर तिची. माझ्या रंगाच्या पाण्याचे ग्लास तिच्या पेटीवर राहायचे आणि तिची गाणारी पोरं माझ्या ओल्या चित्रांवर बसायची. नणंद-भावजय एका खोलीत म्हटल्यावर शिक्षकखोलीतल्या मंडळींनी कान टवकारले होते. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना निराश केलं नाही. कपाटाचा वरचा कप्पा कुणाचा, यावरून आमचं तीन आठवडे बोलणं बंद होतं. घरी मात्र एकाच ताटलीतून शेंगदाणे खायचो.

पोरं तिला पेटीबाई म्हणायची. पेटी आमच्या दोघींपेक्षा वयानं मोठी होती. एके दिवशी मधल्या सप्तकातल्या पांढरी पाच या पट्टीची पितळी रीड तुटली. पट्टी दाबली की सुराऐवजी नुसती हवा. फस्स. वहिनीनं दुरुस्तीचा अर्ज दिला. मुख्याध्यापक म्हणाले, “पाहू.” चार महिन्यांनी दुसरा अर्ज. “पाहू की.” वहिनीची एक खोड आहे, कागद दिला की त्याच्या नकलेवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय ती खिडकीसमोरून हलत नाही. असे अकरा अर्ज झाले आणि अकरा शिक्के.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, “अगं, आण ती पेटी घरी. रविवारी बसवून देतो रीड.”

“शाळेची पेटी आहे, शाळा दुरुस्त करेल. आज तुम्ही पेटी केलीत, उद्या नळ गळतोय म्हणून मलाच पाना घेऊन बसवतील.”

तर तिनं मुकी पेटी घेऊनच शिकवायला सुरुवात केली. तिचा सा पांढरी एकवर, म्हणजे मुकी पट्टी नेमकी पंचमाची. सा दुसरीकडे नेला असता तर मुकेपणा दुसऱ्या कुठल्या तरी सुरावर गेला असता, गेला मात्र असताच. त्यातल्या त्यात पंचम बरा, कारण सा कानात पक्का असला की पंचम माणसाला आपोआप सापडतो, असं ती म्हणते. मग ती सा रे ग म वाजवायची, पंचमाला बोट उचलायची आणि पोरांकडे बघायची. पेटी गप्प. तो सूर पोरांनी स्वतःच्या गळ्यातून काढायचा. लगेच ध वाजला की चूक झाली का ते त्यांचं त्यांनाच कळायचं. पहिल्या महिन्यात पन्नास पोरांचे पन्नास पंचम. मी नळावर ब्रश धुताना कानात बोटं घालायचे. चौथ्या महिन्यात पन्नास पोरांचा मिळून एकच पंचम यायला लागला आणि मी ब्रश धुता धुता थांबायला लागले. तुटक्या पट्टीनं पोरांना कान दिले, हे वहिनीच्याही नंतर लक्षात आलं.

तिनं एक वही केली होती, तपकिरी पुठ्ठ्याची, लांबट. तीत चोवीस पलटे, म्हणजे गळा तयार करायचे सुरांचे क्रम, सगळे तिनं स्वतः बसवलेले. वही तिच्या बोटांसाठी होती. कुठली पट्टी दाबायची तेवढंच लिहिलेलं, आणि जिथं पंचम, तिथं शून्य. शून्य म्हणजे पेटी गप्प, पोरं गातात. हे वहीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. स्वतःच्या वहीत स्वतःला कोण समजावून सांगतं?

अशा वेळी आमच्याकडे रुमालसाहेब आले.

ते संगीत विषयाचे पर्यवेक्षक. कुठंही बसण्याआधी खुर्चीवर रुमाल अंथरायचे, म्हणून हे नाव. संगीताच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास, सगळ्या लेखी. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसले, आमच्या पोरांचं गाणं ऐकलं आणि कार्यक्रम संपल्यावर थेट आमच्या खोलीत आले. स्टुलावर रुमाल पसरला.

“बाई, एवढी मुलं एका सुरात? कसं काय जमवता?”

वहिनी लाजली. वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिनं वही दाखवली. साहेबांनी पानं उलटली, मान डोलावली, मग म्हणाले, “दोन दिवस देता? अभ्यासतो.”

“न्या की. पण साहेब, एकदा वर्गावर या ना. उद्या दुपारीच तास आहे. बघितल्याशिवाय नीट कळायचं नाही.”

“येईन, येईन.”

वही मळू नये म्हणून मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं. माझ्या या हातांनी. साहेब वही घेऊन गेले आणि वर्गावर आले नाहीत. आले असते तर वाचले असते.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. वहिनी फोन करायची, तर साहेब दौऱ्यावर असायचे. शेवटी एकदा सापडले तेव्हा म्हणाले, “कुठली वही?”

वर्षभरानं सगळ्या शाळांच्या संगीत शिक्षकांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. सक्तीचं. वहिनी पहिल्या दिवशी घरी आली, एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच ठेवून खाटेवर बसली.

दादानं विचारलं, “काय झालं गं?”

“माझी वही छापून आली.”

“अरे वा!”

“वा काय वा? नाव त्यांचं आहे.”

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. गुळगुळीत मुखपृष्ठ, वर ‘आनंदस्वर: शिक्षक मार्गदर्शिका’, मागे रुमालसाहेबांचा हनुवटीला हात लावलेला फोटो. आत चोवीस पलटे. तोच क्रम, त्याच जागा, तीच शून्यं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुस्तक भिरकावणार होते, पण वहिनीनं माझा हात धरला.

“थांबा वन्सं, आधी तिसरं पान वाचा.”

तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: ‘शून्य ही मौनाची खूण आहे. येथे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी पूर्ण शांतता पाळावी व उजव्या हाताची तर्जनी ओठांवर ठेवावी.’

“दोनशे माणसं होती,” वहिनी म्हणाली. “दोनशे जाणती माणसं. सा रे ग म म्हणायचं आणि ओठांवर बोट. मग ध नी सां. दिवसभर.”

“तू पण?”

“मी पण.”

दादा म्हणाला, उद्याच्या उद्या तक्रार कर. वहिनीनं दुसरी चप्पल काढली. “तक्रार केली तर चौकशी होईल. चौकशीला संगीतातला जाणकार लागेल. म्हणजे तेच येणार, रुमाल घेऊन.”

तिनं तेव्हा एवढंच ठरवलं की प्रशिक्षण विसरायचं आणि वर्गात आपल्याच पद्धतीनं शिकवायचं. तेवढ्यावर ते भागलं असतं, मला वाटतं. वहिनी मुळात चिवट आहे, दुष्ट नाही. पण साहेब तपासणीला आले. पहिल्यांदाच वर्गात बसले, वही चोरल्यानंतर दीड वर्षानं. पेटी पंचमाला थांबली आणि पन्नास पोरांनी खणखणीत पंचम लावला.

“बाई, मौन!” साहेब ओरडले. “शून्य आहे तिथं! पुस्तक वाचलं नाहीत का?”

खरं तर त्या क्षणी त्यांना कळायला हवं होतं. डोळ्यांसमोर घडत होतं. पण ज्याला शिकवायची सवय लागली आहे त्याला दिसत नाही. त्यांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिलं: ‘संगीत शिक्षिका मार्गदर्शिकेनुसार अध्यापन करत नाहीत. मौनाच्या जागी विद्यार्थी गातात. असमाधानकारक.’ मुख्याध्यापकांनी वहिनीला बोलावून सांगितलं, “अजून एक असा शेरा आला तर संगीताचे तास खेळाच्या सरांना द्यावे लागतील. पुस्तक आहेच, ते वाचून घेतील. तुम्ही ग्रंथालय सांभाळा.”

म्हणजे तिच्या पद्धतीत तिला नापास करून तिचा वर्ग तिच्याकडून काढून घेणार. वर्ग गेला तर वहिनीचं काय उरेल, हे मी घरी तिच्यासोबत राहून ओळखून आहे. सुट्टीच्या दिवशी ती दुपारच्या तासाच्या वेळेला उगाच घरभर फिरते. त्या संध्याकाळी तिनं भाजी चिरताना सुरी पाटावर अशी काही आपटली की दादा दुकानाचं काम टाकून आत आला. त्या दिवशी तिनं डूख धरला. मी तर कधीच धरला होता, मला सोबत मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात दोन रीती सुरू झाल्या. व्हरांड्यात बुटांचा आवाज आला की शून्याला ओठांवर बोट, दार बंद असलं की गळा मोकळा. पोरांना कट म्हणजे खाऊच. ती इतकी तरबेज झाली की मुख्याध्यापक पाणी प्यायला नळाशी आले तरी आत पन्नास बोटं ओठांवर जायची. पुढच्या तपासणीत साहेब खूश झाले. शेरा आला: ‘उल्लेखनीय सुधारणा.’ वर्ग वाचला. वहिनीनं तो शेरा मला वाचून दाखवला आणि नळावर जाऊन चूळ भरली.

मग तिनं एक निनावी पत्र लिहायला घेतलं. मजकूर तिचा, अक्षर माझं, कारण तिचं अक्षर साहेबांना वहीतून माहीत होतं आणि माझं जास्त सुबक आहे. ‘आदरणीय साहेब, शून्याच्या जागी मौन ठेवण्यामागचा आपला सखोल विचार आम्हा सामान्य शिक्षकांना विस्ताराने समजावा, ही नम्र विनंती.’

दादा म्हणाला, “सखोल जरा जास्त होतंय.”

“त्यांना जास्त होत नाही,” वहिनी म्हणाली.

नाहीच झालं. दुसऱ्या आवृत्तीत सोळा पानांचं नवं प्रकरण आलं, ‘मौनस्वर: एक चिंतन’. पंचम हा प्रखर स्वर असून कोवळ्या मनाला तो झेपत नाही, म्हणून लेखकाने अनेक वर्षांच्या चिंतनातून त्या जागी मौनाची योजना केली आहे, वगैरे वगैरे. जेवताना वहिनीनं ते मोठ्यानं वाचलं. दादाला ठसका लागला. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी हसली नाही. तिनं माझ्या डब्यातली लाल पेन्सिल घेतली आणि ‘अनेक वर्षांच्या चिंतनातून’ या शब्दांखाली रेघ ओढली.

“आता जाऊया वरच्या कार्यालयात,” मी म्हटलं. “त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय.”

“अजून नाही. चढू देत अजून जरा. एवढ्या उंचीवरून पडला तर नुसता पाय मुरगळेल.”

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनाला मोठा कार्यक्रम ठरला. वरच्या कार्यालयाच्या संचालकबाई येणार होत्या, सगळ्या शाळांचे संगीत शिक्षक येणार होते आणि मंचावर एक आदर्श पाठ होणार होता. आदर्श पाठासाठी साहेबांनी कुणाला निवडावं? माझ्या वहिनीला! आधी विरोध करणारी आणि पुस्तकामुळे सुधारलेली शिक्षिका म्हणून. त्यांनी घरी फोन करून सांगितलं तेव्हा वहिनीचा आवाज लोण्यासारखा झाला होता.

“साहेब, एक विनंती होती. शाळेचीच पेटी आणू का? मुलांना सवय आहे तिची.”

“आणा, आणा. हवं ते आणा.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “वन्सं, अर्जांची फाईल काढा.”

प्रशिक्षण केंद्राचं सभागृह भरलं होतं. मी मागच्या दाराशी मांडीवर फाईल घेऊन बसले. साहेबांनी मंचावरच्या खुर्चीवर रुमाल अंथरला. पोरं दोन रांगांत उभी राहिली, वहिनीनं भाता उघडला आणि पहिला पलटा पुस्तकाबरहुकूम करून दाखवला. सा रे ग म, ओठांवर बोट, ध नी सां. काय शिस्त! टाळ्या पडल्या. संचालकबाईंनी मात्र कपाळाला एक आठी घातली. त्या तरुणपणी गायच्या, हे आम्हाला नंतर कळलं.

वहिनी उठली, हात जोडले. “साहेब, मुलांची फार इच्छा आहे. एक पलटा तुमच्या हातून व्हावा.”

साहेबांनी आढेवेढे घेतले, पण फोटो काढणारा पुढे आला होता. ते पेटीवर बसले. सा रे ग म त्यांना यायचं, पुस्तकाच्या सरावानं बोटं बसली होती. वाजवलं. मग बोट उचलून दिमाखात ओठांवर ठेवलं.

आणि पन्नास पोरांनी पंचम लावला.

असा लावला की सभागृहाच्या खिडक्यांनी ऐकावा. मी मागच्या दाराशी दात काढून हसले.

“मौन! मौन!” साहेब म्हणाले.

“चुकलं त्यांचं,” वहिनी म्हणाली. “बहुतेक सूर आठवला त्यांना. साहेब, तुम्हीच दाबून दाखवा, कुठला सूर गायचा नाही ते. ती पाचवी पांढरी. दाबा.”

साहेबांनी दाबली. फस्स. पुन्हा दाबली. फस्स. ध्वनिक्षेपक पेटीजवळच होता, त्यामुळे ती हवा शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

संचालकबाई उठून पेटीपाशी आल्या. स्वतः पट्टी दाबून पाहिली, मग पुस्तक उघडून पाहिलं, मग पुन्हा पट्टी. “ही कधीपासून अशी आहे?”

मी फाईल घेऊन मधल्या वाटेनं चालत गेले. आयुष्यात इतकं ऐटीत मी दादाच्या लग्नाच्या मांडवातही चालले नव्हते. अकरा अर्ज, प्रत्येकावर एकच वाक्य, ‘मधल्या सप्तकातील पांढरी पाच वाजत नाही’, प्रत्येकावर शिक्का आणि तारीख. पहिला पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या तीन वर्षं आधीचा. संचालकबाईंनी सगळे वाचले, सावकाश.

“म्हणजे हे शून्य...”

“पेटी मुकी आहे म्हणून,” वहिनी म्हणाली. “तिथं पोरं गातात. ती माझी खूण होती, माझ्यापुरती.”

साहेब उठायच्या गडबडीत रुमाल शोधत होते. तो खुर्चीवर राहिला होता. “हा योगायोग आहे,” ते म्हणाले. “अशा पद्धती अनेकांना एकाच वेळी...”

“असेल साहेब,” वहिनी म्हणाली. “मग माझी वही तेवढी परत द्या. दोन दिवस झाले असतील आता.”

सभागृह उसळलं. मला त्या क्षणी मरण आलं असतं तरी चाललं असतं, इतकी मी तृप्त होते.

तो आनंद पाच मिनिटं टिकला. गोंधळ ओसरत होता तेवढ्यात मधल्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उभी राहिली. बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या शाळेतली, नोकरीला चार वर्षं झालेली. ती साहेबांकडे बघत नव्हती, वहिनीकडे बघत होती.

“बाई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?”

“होतं.”

“माझी पोरं आता पंचम लावूच शकत नाहीत. मी तो लावायला सांगितला तरी त्यांचं बोट आपोआप ओठांवर जातं. साडेतीन वर्षं मी मन लावून शिकवलंय त्यांना हे. तुम्ही मला त्या पहिल्या प्रशिक्षणात, चहाच्या सुट्टीत कानात सांगितलं असतंत तरी चाललं असतं.”

वहिनीनं पेटीचा भाता बंद केला. घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, “तू काय करणार होतीस? तुझा वर्ग गेला असता.” ती म्हणाली, “माझा वाचला ना.”

पुढचं पटापट झालं. पुस्तक मागे घेतलं गेलं. साहेबांची पर्यवेक्षकाची खुर्ची गेली आणि त्यांना कुठल्याशा शाळेत संगीत शिक्षक म्हणून पाठवलं. वही टपालानं आली, कव्हर फाटलेलं, पलट्यांसमोर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. आमच्या मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच आठवड्यात पेटी दुरुस्त करणारा बोलावला. वहिनीनं त्याला दारातून परत पाठवलं आणि बारावा अर्ज दिला: ‘दुरुस्त करू नये.’ त्यावरही शिक्का घेतला.

वरच्या कार्यालयानं तिला सांगितलं, आता शिक्षकांचं प्रशिक्षण तुम्ही घ्या. तिनं सभागृह नाकारलं, पुस्तक नाकारलं. दर शनिवारी बारा शिक्षक, आमच्याच खोलीत, पोरांच्या मध्ये जमिनीवर बसायचं आणि त्यांच्याबरोबर गायचं. “आधी वर्गात बसा, बाकी मग,” एवढाच तिचा नियम. शिवाय दर गुरुवारी ती स्वतः बसनं शेवटच्या थांब्यावर जाते, त्या तरुण बाईंच्या शाळेत. पोरांची बोटं ओठांवरून खाली आणायला तिला सात महिने लागले.

आणि मग एका शनिवारच्या यादीत रुमालसाहेबांचं नाव आलं. शिक्षक म्हणून, सक्तीचं.

त्या शनिवारी मला सुट्टी होती, तरी मी गेले. कोपऱ्यात माझं कपाट आवरत बसले. वहिनीसमोर शेऱ्यांचा कागद होता. बारावा रकाना तिनं सकाळीच भरून ठेवलेला मी पाहिला होता. ‘असमाधानकारक.’ अक्षर तिचं, शब्द त्यांचाच. पहिल्या तपासणीत त्यांनी शेरेबुकात लिहिला होता तो.

ते आले. जमिनीवर बसायचं म्हटल्यावर हात खिशाकडे गेला, पण रुमाल न काढताच बसले, दोन पोरांच्या मध्ये. एकेकानं एकट्यानं पंचम लावायचा होता. वहिनीनं त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं.

सा रे ग म. पेटी गप्प. साहेबांनी काहीतरी लावलं. ते ध होतं की काय होतं कुणास ठाऊक. पोरं खाली बघून हसली.

“पुन्हा,” वहिनी म्हणाली.

“पुन्हा.”

“पुन्हा.”

मी मोजत होते. मला अजून हवं होतं. सातव्यांदा साहेब थांबले. कपाळावर घाम होता. हळूच म्हणाले, “बाई, मला तो सूर ऐकूच येत नाही. कधीच आला नाही. तुमच्या वहीत त्या जागी शून्य बघितलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.”

कुणी हसलं नाही. वहिनी पेटीवरून उठली. मला वाटलं, आता ती बोलेल, मनात साठवलेलं सगळं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीला म्हणाली, “सा धर. मोठ्यानं नको.” मग साहेबांना, “गाऊ नका. नुसतं ऐका. पंचम तिच्या ‘सा’मध्येच आहे.”

अर्धा तास गेला. पोरांची सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. मग साहेबांनी डोळे मिटून पंचम लावला. बारीक, थरथरता, पण नेमका. दोन्ही बाजूंच्या पोरांनी तो लगेच उचलून धरला.

घरी जाताना मी वहिनीला विचारलं, “शेरा?”

“खोडला. समाधानकारक लिहिलं. सूर लागला त्यांचा, खोटं कसं लिहू?”

थोडं पुढं गेल्यावर ती रस्त्याच्या मधोमध थांबली. एक सायकलवाला घंटी वाजवून बाजूनं गेला. तिचे डोळे लाल झाले होते. “वही नेली माझी,” ती म्हणाली. “साडेतीन वर्षं नेली. आता रागसुद्धा घेऊन गेला मेला.”

मी तिचा हात धरून तिला कडेला घेतलं. माझा राग माझ्याजवळ शाबूत आहे. त्या वहीला कव्हर मीच घातलं होतं.